एका घराचे दोन देश: शेप्तित्स्की घराण्याची गोष्ट

(दृश्य: पश्चिम युक्रेनमधलं ल्विव्ह शहर. टेकडीवर सेंट जॉर्जचं कॅथेड्रल. कॅमेरा हळूहळू दर्शनी भिंतीवर.)

दरवाजाच्या दोन्ही बाजूंना दगडात कोरलेले हे दोन पुतळे नीट बघा. एक संत अथानासियस, दुसरे संत लिओ. ही जोडी इथे का उभी आहे? कारण १७४४ साली या चर्चचं बांधकाम ज्यांनी सुरू केलं त्या मेट्रोपॉलिटनचं, म्हणजे मुख्य बिशपचं, नाव होतं अतानाझी शेप्तित्स्की, आणि ज्यांनी ते पुढे तडीस नेलं ते त्याच घराण्यातले लेओन शेप्तित्स्की. दोघांच्या नावाचे संत असे दारात उभे राहिले. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर बांधणाऱ्याचं नाव कोरतात ना, तसंच हे. फक्त इथे अक्षरं नाहीत, माणसं आहेत.

याच कॅथेड्रलच्या तळघरात घराण्यातला आणखी एक पुरुष विसावला आहे. आंद्रेय शेप्तित्स्की. युक्रेनियन माणूस त्यांना आपल्या राष्ट्राचा पिता म्हणतो. आणि त्यांचा सख्खा, धाकटा भाऊ स्तानिस्वाव पोलंडचा सेनापती होता. एका आईच्या पोटचे दोघे. हे घडलं कसं, ते समजून घ्यायला सहाशे वर्षं मागे जावं लागेल.

(दृश्य: जुना नकाशा. कार्पेथियन पर्वताच्या पायथ्याशी साम्बीर परिसर.)

साम्बीरजवळ शेप्तिची नावाचं खेडं आहे. घराण्याचं आडनाव त्या गावावरूनच आलं. हे मूळचे रुथेनियन बोयार, म्हणजे या भागातल्या जुन्या हालिच राज्याच्या राजांचे सरदार. रुथेनियन हा शब्द आपल्याला अनोळखी. आजच्या युक्रेनियन आणि बेलारूसी लोकांच्या पूर्वजांना त्या काळी हे नाव होतं. धर्म पूर्वेचा, ऑर्थोडॉक्स. प्रार्थनेची भाषा चर्च स्लाव्होनिक.

चौदाव्या शतकात पोलंडचा राजा काझिमिएश याने हा मुलूख घेतला. १४३४ मध्ये इथल्या सरदारांना पोलिश सरदारांसारखेच हक्क मिळाले, आणि तिथून एक संथ बदल सुरू झाला. त्यासाठी कुणी कुणाच्या मानेवर तलवार ठेवली नाही. दरबारात मान हवा तर पोलिश बोला, मुलाला चांगल्या शाळेत घालायचं तर जेझुइट या कॅथलिक पाद्र्यांकडे पाठवा, मोठ्या घरात सोयरीक जुळवायची तर लॅटिन पद्धतीच्या, म्हणजे रोमन कॅथलिक, चर्चमध्ये या. एकेक घर असं सरकत गेलं. त्या काळी लॅटिनमध्ये एक वाक्प्रचार रूढ झाला, त्याचा अर्थ असा: जन्माने रुथेनियन, राष्ट्राने पोलिश. त्यात लाज नव्हती, उलट अभिमानच होता. पण जे खेड्यात राहिले, नांगर धरत राहिले, ते रुथेनियनच राहिले. हळूहळू भाषेवरूनच कळू लागलं, मालक कोण आणि कूळ कोण. पुढच्या सगळ्या वैराचं बी मला इथे दिसतं.

मधल्या काळात धर्माचाही एक तोडगा निघाला होता. १५९६ च्या ब्रेस्ट इथल्या करारानुसार पूर्वेच्या काही बिशपांनी पोपची सत्ता मान्य केली, पण उपासना, भाषा, विवाहित पाद्री हे सगळं आपलं राखलं. हेच ते ग्रीक कॅथलिक चर्च. शेप्तित्स्की घराण्याने अठराव्या शतकात या चर्चला बिशपांमागून बिशप दिले: वार्लाम, अतानाझी, लेओन. पण त्याच शतकात त्याच घराण्यातले हिएरोनिम लॅटिन चर्चचे बिशप झाले, तेही दूर पोलंडमधल्या प्वोत्स्कला. आणि एकोणिसावं शतक उजाडेपर्यंत पूर्वेची वाट घरात कुणी चालेनासं झालं. भाषा पोलिश, चर्च लॅटिन, काउंट ही पदवी ऑस्ट्रियाची. कारण १७७२ मध्ये पोलंडचे लचके तोडले गेले आणि हा भाग ऑस्ट्रियाच्या वाट्याला गेला.

(दृश्य: झाडांच्या रांगा, मोकळं माळरान, प्रिलबिची गाव.)

ल्विव्हच्या पश्चिमेला प्रिलबिची. इथे घराण्याचा वाडा होता. १८६१ मध्ये काउंट यान शेप्तित्स्कींचं लग्न झोफिया फ्रेद्रोशी झालं. ही झोफिया म्हणजे अलेक्सांदर फ्रेद्रोची मुलगी. फ्रेद्रो तरुणपणी नेपोलियनच्या सैन्यात लढला होता, आणि त्याच्या विनोदी नाटकांवाचून पोलिश रंगभूमीचं आजही पान हलत नाही. झोफिया स्वतः चित्रं काढायची, लिहायची. तिला सात मुलगे झाले, पैकी दोन कोवळ्या वयातच गेले.

१८६५ साली जन्मलेला रोमान हा उरलेल्यांत थोरला. क्राकूवला शिकला, घोडदळात गेला, आजारी पडून परतला, कायद्याचा डॉक्टर झाला. पोलिश काउंटच्या मुलाने जे करायचं ते सगळं त्याने केलं. आणि १८८८ मध्ये दोब्रोमिलच्या मठात जाऊन तो संन्यासी झाला. मठ पूर्वेच्या पद्धतीचा. नाव घेतलं आंद्रेय.

वडिलांचा याला कडवा विरोध होता. त्यांच्या दृष्टीने हा धर्म आता शेतकऱ्यांचा, आपल्या कुळांचा उरला होता. मुलाच्या दृष्टीने तो पूर्वजांचा होता. त्याने वंशावळ उघडली आणि तिच्यात विझत चाललेली ओळ पुन्हा पेटवली. मला या घराण्याच्या सगळ्या इतिहासात हा क्षण सर्वांत मोठा वाटतो. एरवी वंशावळ आपण अभिमानाने भिंतीवर लावतो. तिच्यासाठी आपलं राहतं आयुष्य बदलणारा माणूस विरळा.

१९०१ मध्ये आंद्रेय ल्विव्हचे मेट्रोपॉलिटन झाले, आणि मरेपर्यंत, म्हणजे ४३ वर्षांहून अधिक काळ, त्या गादीवर राहिले. १९०५ मध्ये त्यांनी संग्रहालय उभारलं. खेडोपाडीच्या चर्चमधल्या जुन्या लाकडी मूर्तिचित्रांना तोवर कुणी मोल देत नव्हतं. ती त्यांनी जमवली. आज ते ल्विव्हचं राष्ट्रीय संग्रहालय आहे आणि त्यांचंच नाव मिरवतं. १९१४ मध्ये रशियन सैन्य शहरात आलं, त्यांना पकडून रशियात नेलं. सुटका झाली ती १९१७ च्या क्रांतीनंतर.

आता येतो नोव्हेंबर १९१८.

(दृश्य: ल्विव्हच्या गल्ल्या, जुनी छायाचित्रं.)

ऑस्ट्रियाचं साम्राज्य कोसळलं. १ नोव्हेंबरला युक्रेनियनांनी ल्विव्ह ताब्यात घेतलं. तीन आठवडे गल्लीगल्लीत लढाई झाली आणि २२ तारखेला पोलिश सैन्याने शहर जिंकलं. मेट्रोपॉलिटन आंद्रेय टेकडीवरच्या आपल्या वाड्यात नजरकैदेत पडले. आणि त्याच महिन्यात वॉर्सामध्ये पोलिश सैन्याच्या मुख्यालयाचा प्रमुख म्हणून सूत्रं घेतली स्तानिस्वाव शेप्तित्स्कींनी. पुढे १९२३ मध्ये ते पोलंडचे युद्धमंत्रीही झाले.

लोक म्हणतील, एक भाऊ इमानी, दुसरा फितूर. पोलिश बाजूने हे आंद्रेयबद्दल म्हटलं गेलंच. मला हा हिशोब पटत नाही. स्तानिस्वावने घराण्याची शेवटची शंभर वर्षं आपली मानली, आंद्रेयने त्याआधीची पाचशे. खोटं कुणीच नव्हतं.

धाकटा काझिमिएश मात्र आंद्रेयच्या वाटेने गेला. वकील, जमीनदार, व्हिएन्नाच्या संसदेतला खासदार. चाळिशी उलटल्यावर सगळं सोडून तो पूर्वेच्या मठात आला आणि क्लिमेंती झाला.

(दृश्य: उनिवचा मठ, जाड भिंती, छोट्या खिडक्या.)

सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत फौजा आल्या. प्रिलबिचीच्या वाड्यात सर्वांत धाकटा लेओन आणि त्याची पत्नी यादविगा यांना सोव्हिएत गुप्त पोलिसांनी गोळ्या घातल्या. १९४० मध्ये दुसरा भाऊ अलेक्सांदर झामोश्च इथे जर्मनांच्या हातून मारला गेला. याच पूर्व भागातून सोव्हिएतांनी हजारो पोलिश कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सैबेरियाकडे पाठवली. त्यातून वाचलेले सुमारे ५,००० जण पुढे कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. जुन्या कोल्हापूरकरांना ती माणसं आठवतात. ती आली होती ती या मुलखातून.

जून १९४१ च्या अखेरीस जर्मन आले. तोवर आंद्रेय चाकांच्या खुर्चीला खिळले होते. सोव्हिएतांचा जाच सोसलेल्या या वृद्धाने सुरुवातीला जर्मनांचं स्वागत करणारं पत्र काढलं. हा डाग आहे, आणि तो लपवून त्यांची गोष्ट सांगता येत नाही. त्याच दिवसांत शहरात ज्यूंवर हल्ले सुरू झाले. रब्बी येहेझ्केल लेविन मदत मागायला त्यांच्याकडे आले. आंद्रेय म्हणाले, इथेच थांबा. रब्बी थांबले नाहीत, आपल्या लोकांकडे परत गेले, आणि त्याच दिवशी मारले गेले.

पण त्यांच्या मुलांना मठांनी लपवलं. रब्बी दाविद काहाने मेट्रोपॉलिटनच्या ग्रंथालयात राहिले. आंद्रेयनी हुकूम द्यायचा, क्लिमेंतीने मठामठांतून जागा शोधायच्या. ज्यू मुलांना युक्रेनियन नावं द्यायची, बाप्तिस्म्याचे दाखले द्यायचे, कुणी विचारलंच तर म्हणून दाखवता यावी म्हणून प्रार्थना पाठ करून घ्यायची. असे दीडशेच्या आसपास जीव वाचले. उनिवच्या याच भिंतींआड लपलेला एक मुलगा, अदाम रोतफेल्द, २००५ मध्ये पोलंडचा परराष्ट्रमंत्री झाला. नोव्हेंबर १९४२ मध्ये आंद्रेयनी ‘हत्या करू नकोस’ हे पत्र काढलं. त्यात त्यांनी आपल्याच माणसांना खुनाबद्दल बजावलं.

१ नोव्हेंबर १९४४ रोजी ते गेले. स्तानिस्वाव युद्धानंतर पोलिश रेडक्रॉसचे अध्यक्ष झाले आणि १९५० मध्ये कोर्चिना इथे वारले. क्लिमेंतीला सोव्हिएतांनी १९४७ मध्ये पकडलं. १ मे १९५१ रोजी व्लादिमीरच्या तुरुंगात त्यांनी डोळे मिटले. थडग्यावर नाव नाही.

(दृश्य: जून २००१, ल्विव्ह. अथांग गर्दी, पांढरे झगे.)

२७ जून २००१. व्यासपीठावर पोप जॉन पॉल दुसरे. स्वतः पोलिश, क्राकूवचे. ते युक्रेनियन भाषेत बोलत आहेत, आणि ज्यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचं, घोषित करायचं त्यांची नावं वाचली जात आहेत. त्यात एक नाव येतं: क्लिमेंती शेप्तित्स्की.