पहिले सहा आठवडे

(दृश्य: वसतिगृहाचा जिना. पेट्या, गाद्या घेऊन वर चढणारी मुलं-मुली.)

कॉलेजच्या पहिल्या वर्षातले पहिले सहा आठवडे दारूच्या बाबतीत सर्वांत नाजूक. घरचा धाक मागे राहिलेला, मित्र अजून ठरायचे असतात आणि परीक्षा लांब. ग्लास हातात असला की ओळखी लवकर होतात, असं वाटायला लागतं. त्यामुळे कॉलेजला याबाबत जे काही करायचं आहे, ते प्रवेशाच्या आठवड्यातच करायला हवं.

बहुतेक ठिकाणी होतं काय? एक व्याख्यान, खराब झालेल्या यकृताचं चित्र आणि शेवटी शपथ. मुलं टाळ्या वाजवतात, संध्याकाळचा बेत तसाच राहतो. नुसती माहिती देऊन पिणं कमी होत नाही, हे संशोधनात वारंवार दिसलं आहे. विसाव्या वर्षी यकृताची भीती कुणाला वाटणार? त्या वयातला खरा धोका एकाच रात्रीचा असतो, दोन-तीन तासांत भराभर रिचवण्याचा.

(दृश्य: मोजपात्र, वेगवेगळ्या आकाराचे ग्लास.)

आता हिशेब करू. जागतिक आरोग्य संघटना 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक माप धरते. 40 टक्के तीव्रतेची दारू 30 मिली घेतली की जवळपास एक माप झालं. 5 टक्क्यांच्या 330 मिली बिअरमध्ये 13 ग्रॅम असतं. 'बिअरच तर आहे' म्हणत 8 टक्क्यांची 650 मिलीची बाटली संपवणाऱ्याच्या पोटात मात्र 41 ग्रॅम जातं, म्हणजे चार मापं. मिलीला टक्क्यांनी गुणा, शंभराने भागा, मग 0.79 ने गुणा. ग्रॅम हाती येतात. यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅमच निकाली काढतं. म्हणजे त्या एका बाटलीला चार ते सहा तास. कॉफी, गार पाणी, उलटी, नाच, यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. एनर्जी ड्रिंक मिसळलं तर झोप उडते, नशा तेवढीच राहते. म्हणून माणूस आणखी पितो. आधी जेवल्याने अल्कोहोल रक्तात सावकाश मिसळतं, एवढा फायदा नक्की आहे.

शेवटचा ग्लास ठेवल्यानंतरही रक्तातलं प्रमाण अर्धा-एक तास, कधी त्याहून जास्त वेळ वाढत राहतं. 'झोपू दे, सकाळी उतरेल' हे वाक्य म्हणूनच जिवावर बेतू शकतं. मेंदूचा श्वासावरचा ताबा सुटतो, घशाची ओकारी अडवण्याची ताकद जाते आणि उताणा झोपलेला मुलगा स्वतःच्याच उलटीने गुदमरतो.

(दृश्य: दोन विद्यार्थी प्रात्यक्षिक करताना.)

हाका मारून, खांदा हलवून जाग येत नाही, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास आहेत, दोन श्वासांमध्ये दहा सेकंद किंवा जास्त खंड पडतोय, ओठ निळसर किंवा अंग गार पडलंय, यांतलं एकही लक्षण दिसलं की रुग्णवाहिका बोलवा. सगळी लक्षणं दिसायची वाट पाहू नका. त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे वाकवा, डोकं किंचित मागे, तोंड जमिनीकडे कललेलं. अंगावर पांघरूण घाला. बादलीभर थंड पाणी ओतू नका, शरीराचं तापमान आधीच घसरत असतं. घशात बोटंही घालू नका. आणि त्याला एकटं सोडू नका.

इथेच घोडं अडतं. मित्रांना लक्षणं दिसतात, पण शिक्षेच्या भीतीने फोन केला जात नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने 2002 मध्ये यासाठी नियम केला: मदत मागणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी मागितली त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई नाही, नंतर समुपदेशन मात्र करायचं. असा नियम केवळ नियमावलीत ठेवून भागत नाही, तो फोन क्रमांकासह ओळखपत्राच्या मागे छापावा.

(दृश्य: समुपदेशकाची खोली. टेबलावर प्रश्नावली.)

दुसरं काम शांतपणे करायचं. 1986 मध्ये पर्किन्स आणि बर्कोविट्झ या संशोधकांनी दाखवून दिलं की, इतर विद्यार्थी पिण्याबाबत आपल्याहून जास्त सैल आहेत असा विद्यार्थ्यांचा समज असतो. या गैरसमजाला धरूनच पुढचा ग्लास भरला जातो. भिंतीवर फलक लावून तो दूर होईलच असं नाही, समोरासमोर बसून बोललेलं जास्त लागू पडतं. पिण्याची सवय तपासणारी जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' प्रश्नावली दहा प्रश्नांची, एकूण 40 गुणांची. आठ किंवा जास्त गुण म्हणजे लक्ष द्यायला हवं. मग तासाभराची एक-दोन बोलणी: तू आठवड्याला किती मापं घेतोस, तुझ्याच कॉलेजमध्ये खरोखर किती घेतली जातात, किती तास बुडाले, रात्रीचं किती आठवत नाही. आकडे मांडायचे, उपदेश टाळायचा, कमी करायचं प्रमाण त्यानेच ठरवायचं. उत्तरं शिस्तपालन समितीकडे गेली की पुढच्या वर्षी सगळ्यांचे गुण शून्य येतील!

एका मुलाला मात्र वेगळं काढा: रोज भरपूर पिणारा, सकाळी हात थरथरतात म्हणून पुन्हा घेणारा. त्याला 'आजपासून बंद' असं खडसावू नका. अचानक सोडल्यास पहिल्या दोन दिवसांत फिटचे झटके येऊ शकतात. त्याला आधी डॉक्टरकडे न्यायचं, समुपदेशन त्यानंतर.