तेच जेवण रात्री जड का पडतं?

समजा, एका माणसाला सकाळी आठ वाजता मोजूनमापून एक जेवण दिलं. नंतर तेच जेवण, तेवढंच, त्याच माणसाला रात्री आठ वाजता दिलं. उष्मांक सारखे, पिष्टमय पदार्थ सारखे. मग जेवणानंतर रक्तातली साखरही सारखीच वाढायला हवी. पण तसं होत नाही. बॉस्टनमधल्या संशोधकांचा यावरचा प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात निरोगी माणसांची रात्रीच्या जेवणानंतरची साखर सकाळच्यापेक्षा १७ टक्के जास्त निघाली. दिवसभराच्या दगदगीवर याचं खापर फोडता येत नाही, कारण त्यांनी लोकांचं झोपण्या-उठण्याचं वेळापत्रक बारा तासांनी उलटं करूनही मोजलं. जागं राहणं आणि झोपणं यांचा परिणाम वेगळा काढला, तरी घड्याळाचा परिणाम शिल्लक राहिलाच.

हे घड्याळ असतं कुठे? मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, साधारण वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. हे मुख्य घड्याळ. त्याचा स्वतःचा दिवस चोवीस तासांपेक्षा थोडा लांब, सरासरी दहा-बारा मिनिटांनी जास्त असतो. म्हणजे त्याला मोकळं सोडलं, तर ते रोज थोडं मागे पडत जाईल. ते रोज जागेवर आणण्याचं काम उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचं मुख्य काम पाहणं नव्हे, उजेड मोजणं आहे. त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि ते निळसर प्रकाशाला, ४८० नॅनोमीटरच्या आसपास, सगळ्यात जास्त दाद देतं.

पण घड्याळ एकच नाही. यकृत, स्वादुपिंड, स्नायू, चरबी, प्रत्येक ठिकाणी पेशींमध्ये आपापली घड्याळं चालू असतात. आणि ही घड्याळं उजेडापेक्षा जेवणाच्या वेळेचं जास्त ऐकतात. २०१७ सालच्या एका प्रयोगात दहा पुरुषांची तिन्ही जेवणं पाच तासांनी पुढे ढकलली. सहा दिवसांनी त्यांच्या साखरेचा दैनंदिन चढउतार साडेपाच तासांहून जास्त पुढे सरकलेला होता. मुख्य घड्याळाची वेळ दाखवणारी मेलॅटोनिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं मात्र होती तिथेच होती. एकाच शरीरात मेंदू एका वेळेवर आणि साखर दुसऱ्याच वेळेवर. मला विचाराल, तर या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. ‘किती झोपलात’ याबरोबर ‘कधी झोपलात आणि कधी जेवलात’ हेही विचारायलाच हवं.

रात्री नेमकं काय बिघडतं तेही बघू. झोपेच्या नेहमीच्या वेळेआधी साधारण दोन तास मेलॅटोनिन वाढायला लागतं. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर मेलॅटोनिनचे ग्राहक, म्हणजे त्याचा संकेत टिपणारे रेणू असतात, आणि तो संकेत आला की इन्सुलिन सोडण्याचं काम मंदावतं. रात्रभर उपाशी राहणार असलेल्या शरीरासाठी हे शहाणपणाचंच आहे. पण त्याच वेळी पोटात भरपेट जेवण पडलं, तर साखर वर जाते आणि इन्सुलिन पुरेसं येत नाही. स्पेनमध्ये आठशेहून अधिक लोकांवर केलेल्या अभ्यासात झोपेच्या एक तास आधी आणि चार तास आधी साखरेचं पाणी देऊन पाहिलं. उशिराच्या वेळी साखर जास्त, इन्सुलिन कमी. ज्यांच्याकडे या ग्राहकाच्या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार होता, त्यांच्यात हा फरक आणखी ठळक होता.

आता अपुऱ्या झोपेकडे वळू. १९९९ साली शिकागोत अकरा तरुण, निरोगी पुरुषांना सलग सहा रात्री फक्त चार तास अंथरुणात राहू दिलं. मग शिरेतून ग्लुकोज देऊन ती रक्तातून किती वेगाने हटते ते मोजलं. हा वेग भरपूर झोपेच्या काळातल्या वेगापेक्षा सुमारे ४० टक्के कमी होता. अवघ्या सहा रात्रींत! नंतरच्या एका छोट्या अभ्यासात चार रात्री साडेचार तास झोपलेल्यांच्या पोटावरच्या चरबीचा नमुना काढून तपासला, तर त्या पेशींचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुमारे ३० टक्क्यांनी घटलेला होता. म्हणजे झोपमोडीचा परिणाम डोळ्यांच्या जडपणावर थांबत नाही, चरबीच्या पेशीपर्यंत जातो.

त्याहून डोळे उघडणारा प्रयोग गाढ झोपेचा आहे. नऊ जणांना पूर्ण वेळ झोपू दिलं, पण मेंदूच्या लहरींत गाढ झोप दिसायला लागली की स्पीकरमधून आवाज सोडायचा. आवाज इतकाच की माणूस जागा होऊ नये, फक्त गाढ झोपेतून हलक्या झोपेत यावा. तीन रात्रींनंतर एकूण झोप होती तेवढीच, पण इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद सुमारे २५ टक्क्यांनी घटला. ‘मी आठ तास झोपतो, तरी साखर का वाढते?’ याचं एक उत्तर इथे आहे, आणि घोरण्याचा मुद्दा मी शेवटी घेणार आहे तोही याचसाठी.

वजन कमी करणाऱ्यांनी आणखी एक अभ्यास लक्षात ठेवावा. जास्त वजन असलेल्या दहा जणांना दोन आठवडे सारखाच कमी आहार दिला. एका खेपेला साडेआठ तास अंथरुणात, दुसऱ्या खेपेला साडेपाच. वजन दोन्ही वेळा जवळपास तेवढंच उतरलं, सुमारे तीन किलो. पण जास्त झोपेत त्यातली १.४ किलो चरबी होती, कमी झोपेत फक्त ०.६ किलो. उरलेली घट मुख्यतः स्नायूंसारख्या वस्तुमानाची. वजनकाटा हे दाखवत नाही, त्यामुळे माणूस खूश असतो.

करायचं काय, तर सुरुवात झोपण्याच्या वेळेपासून करू नका, उठण्याच्या वेळेपासून करा. बहुतेक जण उलटं करतात. रोज बाराला झोपणारा माणूस एके दिवशी ठरवून दहाला आडवा होतो आणि छताकडे बघत बसतो. नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास घड्याळ शरीराला मुद्दाम जागं ठेवतं, त्यात झोप येणं जवळजवळ अशक्य. म्हणून उठण्याची वेळ आधी पक्की करायची, आणि ती दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणायची. उठल्यावर तासाभरात वीस-तीस मिनिटं बाहेरच्या उजेडात. घरातला दिवा आपल्याला लख्ख वाटतो, पण तो शे-दोनशे, फार तर पाचशे लक्स (उजेड मोजण्याचं एकक) असतो. ढगाळ दिवशीही बाहेर हजारांत लक्स मिळतात. संध्याकाळी याच्या उलट: छताचे पांढरे दिवे बंद, पिवळसर आणि डोळ्यांच्या पातळीखालचा दिवा चालू.

सुटीच्या दिवसाचं गणित प्रत्येकाने एकदा मांडावं. कामाच्या दिवशी रात्री साडेअकरा ते सकाळी सहा झोप, म्हणजे झोपेचा मध्य पावणेतीन वाजता. सुटीच्या दिवशी दीड ते साडेनऊ, मध्य साडेपाच. फरक पावणेतीन तास. दर आठवड्याला तीन वेळपट्ट्या ओलांडून विमानाने जाऊन परत येण्यासारखंच हे. हा फरक तासाच्या आत आणा. सुटीच्या दिवशी झोप भरून काढायचीच असेल, तर दुपारी तीनच्या आत वीस मिनिटांची डुलकी घ्या.

जेवणाबाबत नियम साधा: शेवटचा घास झोपेच्या तीन तास आधी, आणि पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत दहा ते बारा तास. साखर घातलेला चहाही घासच धरायचा, इथेच लोक चुकतात. कॅफीनचा अर्धा भाग शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात, तेव्हा पाचच्या कॉफीतला निम्मा माल रात्री दहाला मेंदूवर काम करत असतो. दारूने झोप लवकर लागते आणि मध्यरात्रीनंतर तुटते, एवढं सांगून पुढे जातो.

रात्रपाळी करणाऱ्यांना वरचे नियम जसेच्या तसे लागू नाहीत. २०२१ च्या एका प्रयोगात, रात्रपाळीसारख्या दिनक्रमात रात्री जेवणाऱ्यांची साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली, फक्त दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही. तेव्हा मुख्य जेवण पाळीला जाण्याआधी, आणि मध्यरात्र ते पहाटे सहा शक्यतो पाण्यावर. राहवलं नाही, तर मूठभर काहीतरी प्रथिनयुक्त. घरी आल्यावर खोली पूर्ण काळोखी हवी, आणि सुटीच्या दिवशीही झोपेचे किमान चार तास पाळीच्या दिवसांतल्या झोपेशी जुळणारे ठेवा.

फरक पडतोय का हे बघायला दोन आठवडे झोपेच्या, उजेडाच्या आणि घासांच्या वेळा वहीत लिहा, सोबत उपाशीपोटी आणि रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी साखर. एचबीए१सी ही रक्ततपासणी साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, ती दोन आठवड्यांत तपासून निराश होऊ नका. आणि मधुमेहींना पहाटेची साखर रात्रीपेक्षा जास्त दिसली, तर लगेच रात्रीच्या जेवणाला दोष देऊ नका. पहाटे कॉर्टिसॉल आणि वाढीच्या संप्रेरकामुळे यकृत स्वतःच साखर सोडतं.

घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसा बसल्या जागी डोळा लागणं, हे असेल तर आधी झोपेची तपासणी. दर तासाला किमान दहा-दहा सेकंदांचे पाच ते पंधरा अडथळे सौम्य, तीस किंवा अधिक तीव्र. हे चालू असताना बाकीचं वेळापत्रक कितीही पाळलं, तरी गाढ झोप मिळणार नाही.

आणि जे इन्सुलिन किंवा इन्सुलिन वाढवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी रात्रीचं जेवण अलीकडे आणण्याआधी डॉक्टरांकडून डोसची वेळ बदलून घ्यायची. जेवण सातला आणि औषध जुन्याच वेळेला, असं झालं तर साखर रात्री दोन-तीनला खाली जाऊ शकते. घामाने भिजलेली उशी, वाईट स्वप्नं, सकाळचं जड डोकं ही त्याची चिन्हं. अशी शंका आली, तर एक-दोन रात्री गजर लावून तीन वाजता साखर मोजा. ती ७० मिग्रॅ/डेसीलिटरच्या खाली असेल, तर आधी पंधरा ग्रॅम ग्लुकोज घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि सकाळी डॉक्टरांना फोन करा.