रेकॉर्ड कुणाच्या मालकीची?

नमस्कार, श्रोतेहो.

आजचा विषय आहे लेस्बियन बायका आणि लोकप्रिय संगीत. विषय ऐकून घरात कुणी आवाज कमी केला असेल तर हरकत नाही, बंद मात्र करू नका. गोष्ट गाण्यांची आहे, आणि तिच्यातला सगळ्यात रंगतदार भाग एका रेडिओ केंद्रातच सुरू होतो.

साल १९७३, गाव अमेरिकेतलं वॉशिंग्टन. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रावरून ‘सोफीज पार्लर’ नावाचा कार्यक्रम लागायचा. बायकांनीच चालवलेला. क्रिस विल्यमसन ही गायिका त्या दिवसांत मैफलीसाठी शहरात आली होती. तिची मुलाखत घ्यायला बसल्या मेग ख्रिश्चन आणि जिनी बर्सन. मेग स्वतः गिटार घेऊन क्लबांमधून गाणारी. क्रिसची एक जुनी रेकॉर्ड तिने कुठून तरी पैदा केली होती आणि त्यातली गाणी ती आपल्या कार्यक्रमांत हौसेने गायची. बोलता बोलता विषय रेकॉर्ड कंपन्यांवर गेला. तिथे बायकांना कसं वागवतात याचं रडगाणं गाऊन झाल्यावर क्रिस म्हणाली, मग तुम्ही बायकांची रेकॉर्ड कंपनीच का नाही काढत? ती सहज बोलून गेली. या दोघींनी मात्र ते मनावर घेतलं.

त्या कंपनीकडे येतेच. पण लेस्बियन गायिकांचा इतिहास सांगताना सगळे एकच विचारतात, कुणी कधी उघडपणे सांगितलं? मला त्याच्याइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. गल्ल्यावर कोण बसलं होतं? रेकॉर्ड कुणाच्या मालकीची होती? त्यासाठी पन्नास वर्षं मागे जावं लागेल.

१९२०च्या दशकात अमेरिकेत काळ्या गायिकांच्या ब्लूज गाण्यांनी बाजार गाजवला होता. त्यातली मोठी बाई म्हणजे मा रेनी. जाडजूड, सोन्याचे दात, गळ्यात सोन्याच्या नाण्यांची माळ. तिच्या रेकॉर्ड काढायची पॅरामाउंट नावाची कंपनी, आणि या पॅरामाउंटची मालक होती विस्कॉन्सिन राज्यातली एक खुर्च्यांची कंपनी! खुर्च्यांवरून ते फोनोग्राफच्या लाकडी पेट्यांवर गेले, आणि पेट्या खपाव्यात म्हणून रेकॉर्ड काढायला लागले. संगीताशी त्यांचं नातं एवढंच.

१९२८मध्ये मा रेनीने स्वतः लिहिलेलं एक गाणं गायलं, ‘प्रूव्ह इट ऑन मी ब्लूज’. त्यात ती बिनदिक्कत सांगते की काल रात्री मी मैत्रिणींच्या घोळक्यात होते, पुरुष मला आवडत नाहीत, मी शर्ट आणि टाय घालते, आणि लोक काय काय बोलतात ते मला ठाऊक आहे. पण मला पकडलंय का कुणी? असेल हिंमत तर सिद्ध करून दाखवा. शंभर वर्षांपूर्वीचं हे गाणं आहे, मंडळी. त्याची जाहिरात तर आणखी धीट. चित्रात मा रेनी पुरुषी कोट, टाय आणि हॅट घालून रस्त्यात दोन बायकांशी गप्पा मारतेय, आणि थोड्या अंतरावरून एक पोलीस टक लावून पाहतोय.

मला हे चित्र पाहून नेहमी दोन गोष्टी वाटतात. बाईचं धाडस खरंच अफाट. पण कंपनीचं म्हणाल तर तिला बाईच्या जगण्याशी कर्तव्य नव्हतं; चहाटळपणा खपतो एवढं तिने ओळखलं होतं. त्याच वर्षी पॅरामाउंटने तिचं ध्वनिमुद्रण थांबवलं. तुमच्या गाण्याची फॅशन गेली, हे कारण. मा रेनी नंतर जॉर्जियात आपल्या गावी परतली आणि तिने स्वतःची थिएटरं चालवली. १९३९मध्ये गेली तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसाय लिहिला होता घरकाम.

त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, काळ्या लोकांच्या वस्तीत, ग्लॅडिस बेंटली पियानोवर बसून लोकांना वेड लावत होती. पांढरा टक्सेडो, डोक्यावर उंच हॅट, गाजलेल्या चालींवर स्वतःचे चावट शब्द, आणि गाता गाता समोरच्या टेबलांवरच्या बायकांशी लाडीगोडी. पुढे मंदी आली, हार्लेमची रया गेली, ती कॅलिफोर्नियाला गेली. तिथे तिने पुरुषी पोशाखात गावं म्हणून क्लबवाल्यांना पोलिसांचा वेगळा परवाना काढावा लागायचा. १९५२मध्ये, सिनेटर मॅकार्थीच्या दहशतीच्या काळात, म्हणजे अमेरिकेत कम्युनिस्ट आणि समलिंगी लोकांना हुडकून काढत होते तेव्हा, याच ग्लॅडिसने ‘एबनी’ मासिकात लेख लिहिला. त्याचा मथळा होता, मी पुन्हा स्त्री झाले. औषधोपचार घेतले, लग्न केलं, आता घर सांभाळते, असा एकूण सूर. सोबत फोटो, घरगुती कपड्यांत कामं करतानाचे. टक्सेडोतली ग्लॅडिस पाहिल्यावर ते फोटो बघवत नाहीत. १९६०मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी ती वारली.

साठच्या दशकात मामला आणखी चकचकीत आणि आणखी बंदिस्त झाला. लेस्ली गोर सतरा वर्षांची असताना ‘यू डोन्ट ओन मी’ गायली. मी तुझ्या मालकीची नाही, असं मुलाला बजावणारं ते गाणं लिहिलं होतं दोन पुरुषांनी, आणि ते अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर अडकलं कारण पहिल्यावर बीटल्स बसले होते. बायकांच्या मोर्चांतून ते आजही म्हणतात. लेस्ली स्वतः लेस्बियन असल्याचं जाहीरपणे बोलली २००५ साली. म्हणजे चाळीस वर्षांनी.

इंग्लंडच्या डस्टी स्प्रिंगफील्डने एवढी वाट पाहिली नाही. १९७०मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्राला तिने सांगून टाकलं की एखाद्या मुलाची जशी मला भुरळ पडू शकते तशीच मुलीचीही पडू शकते. बाई मुळातच करारी. १९६४मध्ये दक्षिण आफ्रिकेत गोऱ्याकाळ्यांना वेगवेगळं बसवून गाणार नाही म्हणाली, तर तिथल्या सरकारने तिला देशाबाहेर काढलं होतं. मुलाखतीनंतर मात्र तिचं सत्तरचं दशक फार खडतर गेलं. त्याला दारू होती, बदलती आवडनिवड होती, सगळंच एका वाक्यावर ढकलता येणार नाही. पण त्या वाक्याने तिला मदत नक्कीच केली नाही.

आता चला परत वॉशिंग्टनला.

मेग, जिनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी कंपनी काढली तेव्हा रेकॉर्ड कशी छापतात, खर्च किती येतो, यातलं कुणालाच काही ठाऊक नव्हतं. नाव ठेवलं ऑलिव्हिया. हे एका जुन्या कादंबरीतल्या नायिकेचं नाव. फ्रान्समधल्या शाळेत शिकायला गेलेली आणि मुख्याध्यापिकेच्या प्रेमात पडलेली मुलगी. सगळ्या मिळून राहायच्या आणि मिळून निर्णय घ्यायच्या. मालक अशी कुणी एक नाही. १९७४मध्ये पहिली छोटी रेकॉर्ड निघाली. एका बाजूला मेग, दुसऱ्या बाजूला क्रिस. किंमत दीड डॉलर, विक्री टपालाने. त्यातून सुमारे १२,००० डॉलर उभे राहिले, आणि त्या पैशातून मेगची मोठी रेकॉर्ड. तिच्यात एक गाणं आहे शाळेतल्या व्यायामाच्या बाईंवर जीव जडलेल्या मुलीचं. मिश्कील, हसवणारं गाणं. लेस्बियन बाईचं गाणं म्हटलं की शेवटी कुणीतरी मरायला हवं, हा पायंडा त्याने मोडला.

१९७५मध्ये क्रिस विल्यमसनची ‘द चेंजर अँड द चेंज्ड’ आली. वाजवणाऱ्या बायका, ध्वनिमुद्रण करणाऱ्या बायका. गिटारवर होती जून मिलिंग्टन, मनिलात जन्मलेली. तिने आणि तिची बहीण जीनने ‘फॅनी’ नावाचा बायकांचा रॉक बँड काढून मोठ्या कंपनीसाठी अल्बम केले होते, आणि मोठ्या कंपनीत बाईने काय घालायचं, कसं दिसायचं यावर कोण हुकूम सोडतं याचा पुरता अनुभव घेतला होता. ‘चेंजर’च्या पुढे पाच लाखांवर प्रती गेल्या. जाहिरात जवळजवळ नाही, मोठ्या रेडिओ केंद्रांवर वाजली नाही, मग खपली कशी?

दादरला सहा डिसेंबरला भीमगीतांच्या कॅसेटचे स्टॉल ज्यांनी पाहिलेत त्यांना हे चटकन कळेल. चळवळीची गाणी चळवळीची माणसंच पोचवतात. ऑलिव्हियाचंही तसंच. गावोगावच्या बायका खोकी मागवायच्या, मोटारीच्या डिकीत टाकायच्या, मैफलीच्या दाराशी टेबल मांडायच्या. बायकांची पुस्तकांची दुकानं, कॉफी हाउसं, चर्चचे हॉल. त्यातल्या कितीतरी बायकांनी माइक, स्पीकर, तिकीटविक्री, हिशेब हे सगळं या मैफली भरवता भरवताच शिकून घेतलं. गाण्याइतकंच मला हे मोलाचं वाटतं.

१९७७ साली अनिता ब्रायंट नावाच्या गायिकेने फ्लोरिडात समलिंगी लोकांना नोकरी आणि घराच्या बाबतीत संरक्षण देणाऱ्या स्थानिक कायद्याविरुद्ध मोहीम उघडली आणि जून महिन्यात मतदानाने तो कायदा रद्द करवला. ही बाई जाहिरातींतून फ्लोरिडाचा संत्र्याचा रस विकायची. ऑलिव्हियाने उत्तर म्हणून अल्बम काढला, ‘लेस्बियन कॉन्सन्ट्रेट’, आणि मुखपृष्ठावर छापला आटवलेल्या संत्र्याच्या रसाचा डबा! त्याच्या कमाईतला काही भाग गेला लेस्बियन आयांच्या बचाव निधीला. त्या काळी घटस्फोटानंतर आई लेस्बियन आहे एवढ्या कारणावरून कोर्टं तिची मुलं काढून घेत. तो निधी त्यांच्या वकिलांसाठी.

हे सगळं सांगताना एक काळी बाजू लपवून चालणार नाही. ऑलिव्हियाची ध्वनिमुद्रक होती सँडी स्टोन. कसलेली तंत्रज्ञ. ती ट्रान्स स्त्री होती, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंदलेली, आणि हे तिच्या सहकाऱ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. बाहेर कळल्यावर पत्रांचा भडिमार सुरू झाला, ही बाई नव्हेच, हिला काढा, नाहीतर बहिष्कार. ऑलिव्हियाच्या बायका तिच्या बाजूने जाहीरपणे उभ्या राहिल्या. पण कंपनी बुडायची वेळ आली तशी सँडी स्वतःच निघून गेली. मिशिगनच्या रानात १९७६पासून दर उन्हाळ्यात भरणारा बायकांचा संगीत महोत्सवही याच मुद्द्यावर वर्षानुवर्षं धुमसत राहिला आणि २०१५मध्ये बंद झाला. दारावर ताटकळण्याचा इतका अनुभव असलेल्या बायकांनी आपल्या दारावर पहारा बसवावा, हे मला आजही खुपतं. वर्णाच्या बाबतीतही कंपनी बराच काळ गोरीच राहिली. १९७८च्या आसपास लिंडा टिलरी, मेरी वॉटकिन्स यांच्या रेकॉर्ड आल्या, काळ्या कलावंत बायकांचा दौरा निघाला, पण विक्रीत त्या मागेच पडल्या.

१९८२च्या नोव्हेंबरात मेग आणि क्रिस न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायल्या. सभागृह बायकांनी तुडुंब. आणि दोनच वर्षांत मेगने हे सगळं सोडलं. का माहितीये? ती सिद्धयोगाकडे वळली. होय, तोच स्वामी मुक्तानंदांचा सिद्धयोग, ज्याचं मूळ आपल्या ठाणे जिल्ह्यात, वज्रेश्वरीजवळच्या गणेशपुरीत आहे. व्यायामाच्या बाईंवर गाणं करणारी मेग पुढे भक्तिगीतं गायली. गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना हा धागा माहीत असेल?

नव्वदीत मोठ्या कंपन्यांची दारं किलकिली झाली. कॅनडाची गायिका के. डी. लँग आपण लेस्बियन असल्याचं १९९२च्या जूनमध्ये जाहीरपणे बोलली. गंमत अशी की त्याआधी दोन वर्षं तिने मांस खाऊ नका म्हटलं होतं तेव्हा अमेरिकेतल्या पशुपालक भागातल्या रेडिओ केंद्रांनी तिची गाणी बंद केली होती. लेस्बियन आहे म्हटल्यावर मात्र ग्रॅमी मिळालं आणि मासिकाच्या मुखपृष्ठावर ती झळकली. अमेरिकेतली गायिका मेलिसा एथरिज १९९३च्या जानेवारीत क्लिंटनच्या शपथविधीनिमित्तच्या सोहळ्यात बोलली. त्यानंतर आलेला तिचा अल्बम अमेरिकेत साठ लाखांवर खपला. आणि या मेलिसाने उमेदवारीच्या दिवसांत आपली गाणी कुणाकडे पाठवली होती? ऑलिव्हियाकडे. त्यांनी नकार कळवला. ते पत्र तिने जपून ठेवलं.

एकदा बाजारपेठेतल्या मोठ्या दुकानात माल मिळायला लागला की गल्लीतल्या दुकानाचं काय होतं ते सांगायला नको. ऑलिव्हियाने तर त्याच्याही आधी, १९९०मध्येच धंदा बदलला आणि लेस्बियन बायकांसाठी समुद्रसफरी काढायला सुरुवात केली. पहिल्या सफरीला सहाशे बायका. कंपनी अजून चालू आहे. यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मी नाही मुरडत. रेकॉर्डच्या धंद्यात भलेभले बुडाले, आणि दोघींना हातात हात घालून फिरता येईल अशी जागा विकत घ्यायलाही कुणीतरी हवंच.

आता शेवटचं. चॅपल रोन ही अमेरिकेतली तरुण गायिका. लेस्बियन आहे हे तिने लपवलेलं नाही, तिची गाणीच मुळी बायकांच्या प्रेमाची, आणि ती पाठ असणारी पोरं आपल्या पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतही आहेत. २०२०मध्ये तिच्या मोठ्या कंपनीने तिला काढून टाकलं होतं. २ फेब्रुवारी २०२५ला तिला सर्वोत्कृष्ट नवोदित कलावंताचं ग्रॅमी मिळालं. ती एक वही घेऊन मंचावर आली आणि वाचू लागली. मी अल्पवयीन असताना करारावर सही केली, मला काढलं तेव्हा हाताशी दुसरं काम नव्हतं, आरोग्य विम्याचे हप्ते परवडत नव्हते. समोर रेकॉर्ड कंपन्यांचे बडे लोक बसले होते. आमच्यावर करोडो कमावता ना, मग नवोदितांना जगण्यापुरता पगार आणि आरोग्य विमा द्या, असं तिने त्यांना तोंडावर सांगितलं.

नमस्कार.