कुलूप लागण्याआधीची चोरी

श्रोतेहो, नमस्कार.

आज आपण घरातल्या संगणकाविषयी बोलणार आहोत. मुंबईतल्या घरांत हा संगणक बहुधा एकच असतो, हॉलच्या कोपऱ्यात असतो आणि तो सगळ्यांचा असतो. त्यावर मुलगी कॉलेजचा प्रकल्प लिहिते, वडील बँकेचे खाते पाहतात आणि सोसायटीचा जमाखर्चही त्यावरच मांडला जातो. अशा संगणकात कीलॉगर नावाचा हेरगिरीचा प्रोग्रॅम शिरला, तर कीबोर्डवर दाबलेल्या प्रत्येक कळीची नोंद तो गुपचूप ठेवतो आणि इंटरनेटवरून आपल्या मालकाकडे पाठवतो. त्याचे इतर भाऊबंद पडद्याची छायाचित्रे घेतात, ब्राउझरमध्ये साठवून ठेवलेले पासवर्ड उचलतात आणि कधी कॅमेराही चालू करतात.

बँकेच्या संकेतस्थळाच्या पत्त्याजवळ कुलपाचे चिन्ह दिसते, म्हणून आपण निर्धास्त असतो. ते कुलूप खरेच आहे, पण ते तुमच्या संगणकापासून बँकेपर्यंतच्या वाटेवरचे आहे. कीलॉगर वाटेवर थांबतच नाही. तो बोट आणि कुलूप यांच्या मधल्या जागेत बसतो. पुन्हा सांगतो, कारण सारा विषय या एका गोष्टीत आहे: ही चोरी कुलूप लागण्याआधीच झालेली असते.

या चोरीचा इतिहास घरगुती संगणकांच्याही आधीचा आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

शीतयुद्धाच्या काळात मॉस्कोतील अमेरिकी वकिलातीत टंकलेखनासाठी आयबीएम सिलेक्ट्रिक नावाचे विजेवर चालणारे टाइपरायटर वापरले जात. अक्षरे कोरलेला एक छोटा गोळा त्यात फिरत, कलत कागदावर आपटे. तिथले गोपनीय संदेश अत्यंत कडक सांकेतिक लिपीत रूपांतरित होऊन वॉशिंग्टनला जात आणि त्या लिपीवर अमेरिकेचा पूर्ण विश्वास होता. पुढे एका मित्रदेशाला मॉस्कोतील आपल्या वकिलातीच्या यंत्रांत हेरगिरीचे उपकरण सापडले आणि अमेरिकेलाही शंका आली. १९८४ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष रेगन यांनी एका गुप्त मोहिमेला मंजुरी दिली. तिचे नाव गनमन.

मोहीम अशी, की वकिलातीतील टाइपरायटर, टेलिप्रिंटर, सांकेतिक यंत्रे अशी सारी विद्युत उपकरणे उचलून मायदेशी न्यायची आणि त्यांच्या जागी नवी ठेवायची, तेही यजमान सोव्हिएत संघाला सुगावा न लागू देता. कित्येक टन सामान असे हलवले गेले. अमेरिकेत पोहोचल्यावर एकेक यंत्र उघडून क्ष-किरणांखाली धरले जाऊ लागले. पहिला संशय अर्थातच सांकेतिक यंत्रांवर होता, कारण गुपित तिथे राहते अशी सर्वांचीच समजूत होती. त्यांत काहीही निघाले नाही.

जुलै महिन्यातल्या एका संध्याकाळी एका तंत्रज्ञाला एका टाइपरायटरच्या विजेच्या बटणाजवळ तारेचे एक जास्तीचे वेटोळे दिसले. त्याने त्या यंत्राची क्ष-किरण छायाचित्रे काढली. यंत्राच्या पोटातून आडवी जाणारी एक साधी धातूची आधारपट्टी होती. ती भरीव असायला हवी होती, पण आत पोकळ निघाली आणि त्या पोकळीत इलेक्ट्रॉनिक उपकरण गच्च भरलेले होते. गोळा फिरवणाऱ्या भुजांच्या हालचाली ते चुंबकीय संवेदकांनी टिपत असे, त्यावरून कोणते अक्षर उमटले याचा माग ठेवत असे आणि काही अक्षरे साठली की ती रेडिओलहरींवरून बाहेर झटकन फेकत असे. त्या लहरी मॉस्कोतील दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणाच्या आडोशाला लपवलेल्या होत्या. तपासणी पथक आले की हे उपकरण दुरूनच बंद करता येई, त्यामुळे कोणाचा शोधकाटा हलत नसे.

मॉस्कोतील वकिलात आणि लेनिनग्राडमधील अमेरिकी वाणिज्य दूतावास येथील मिळून १६ टाइपरायटरांत अशी उपकरणे निघाली. त्यांतली काही १९७६ पासून बसलेली होती. म्हणजे जवळजवळ आठ वर्षे! सांकेतिक लिपी अभंग होती, पण त्या लिपीत जाण्याआधीच मजकूर ऐकला गेला होता. कुलूप लागण्याआधीच.

तेव्हा एका महासत्तेला जे करण्यासाठी पट्ट्या कोरून पोकळ कराव्या लागल्या, ते आज एका फुकटच्या डाउनलोडने होते. त्यामुळे खरा बंदोबस्त शिरकावापाशीच हवा. शिरकावाचा एक मोठा दरवाजा म्हणजे क्रॅक केलेले, म्हणजे परवान्याचे बंधन तोडून फुकट चालवलेले सॉफ्टवेअर. संगणक जुळवून देणारा मनुष्य सगळे टाकून देतो म्हणतो तेव्हा त्या सगळ्यात काय काय आहे, हे त्यालाही ठाऊक नसते. क्रॅक चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करा, अशी सूचना सोबत असेल, तर तिथेच थांबावे.

इथे माझे एक आग्रहाचे मत सांगतो. मराठी टाइप करण्यासाठी कुठल्याही संकेतस्थळावरून फुकट साधने उतरवून घेण्याची सवय आपण सोडली पाहिजे. टंकलेखनाचे साधन प्रत्येक कळ वाचणारच, ते त्याचे कामच आहे. म्हणून ते कोणी बनवले हे ठाऊक असल्याखेरीज ते घरात घेऊ नये. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कीबोर्ड मिळतो, आणि रोमन अक्षरांची सवय असलेल्यांसाठी मराठी फोनेटिकही तिथेच आहे. इनस्क्रिप्ट शिकायला फार वेळ लागत नाही आणि शाळेतच तो शिकवला जावा, असे मला मनापासून वाटते.

बाकीचे थोडक्यात सांगतो. संगणकावरचे रोजच्या वापराचे खाते सर्वाधिकाराचे, म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे नसावे, साधे असावे. म्हणजे एखादा प्रोग्रॅम बसू पाहील तेव्हा संगणक बहुधा पासवर्ड मागेल आणि घरात कोणाला तरी प्रश्न पडेल. विंडोजची अद्यतने पुढे ढकलू नयेत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हे लक्षात असू द्यावे. ईमेल आणि बँकेसाठी दुहेरी पडताळणी चालू ठेवावी, म्हणजे पासवर्ड गेला तरी चोराला दुसरी पायरी अडवते. बँकेचा पडद्यावरचा कीबोर्ड उपयोगी आहे, पण पडद्याची छायाचित्रे घेणाऱ्या हेरापुढे तो पुरा पडत नाही.

कीलॉगर वस्तूच्या रूपातही असतो. कीबोर्डची वायर आणि सीपीयूची खाच यांच्यामध्ये बोटाच्या पेराएवढा एखादा जोड बसवलेला असतो, आणि तो कोणत्याही अँटिव्हायरसला सहसा दिसत नाही. डबा पुढे ओढून मागच्या बाजूला पाहिले तरच दिसतो. घरात असे क्वचित घडते. झेरॉक्सच्या दुकानात प्रवेशाचे अर्ज भरायला गर्दी होते, तिथे मात्र बँकेचा पासवर्ड टाइप करू नये.

संशय आलाच, तर प्रथम इंटरनेट तोडावे. पासवर्ड त्या संगणकावरून बदलू नयेत. नवा पासवर्डही तोच हेर वाचेल. दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावेत आणि सर्व ठिकाणांहून लॉगआउट करण्याचा पर्याय वापरावा. नंतर विंडोजमधल्याच डिफेंडर या अँटिव्हायरसची ऑफलाइन तपासणी चालवावी. ती विंडोज सुरू होण्याआधी होते, त्यामुळे विंडोजमध्ये लपलेल्या प्रोग्रॅमला तेव्हा हालचाल करता येत नाही. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साधनेही मोफत आहेत. तरीही शंका उरली, तर कागदपत्रे आणि फोटो बाजूला काढून विंडोज नव्याने बसवावे. जुने प्रोग्रॅम मात्र त्या प्रतीतून परत आणू नयेत.

खात्यातून पैसे गेले असतील, तर क्षणाचाही विलंब न करता बँकेला कळवावे आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन करावा. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, तारीख आणि वेळ कागदावर लिहून फोनजवळ ठेवावी. तक्रार नोंदवताना तीच माहिती आधी विचारली जाते.