आईच्या मनगटावर तीन घड्याळं

(दृश्य : सकाळचं स्वयंपाकघर. परातीत कणीक. हातात बांगड्या आणि त्यांच्या मागे काळं स्मार्टवॉच.)

सकाळचे सव्वासहा. आई कणीक मळतेय. ओट्यापासून ती जरासुद्धा हललेली नाही, तरी घड्याळात पावलं वाढताहेत. ११२. ११९. १२६.

घड्याळाला पाय दिसत नाहीत, हात तेवढा कळतो. आतला अ‍ॅक्सेलरोमीटर हाताचे झोके टिपतो आणि ठरावीक लय सापडली की तिलाच चालणं समजतो. हीच आई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मंडईतून येते, तेव्हा हात झुलत नाहीत आणि खरी पावलं निसटतात. म्हणून आजचा आकडा आपल्याच कालच्या आकड्याशी ताडायचा, शेजारणीच्या नाही.

आईला स्मार्टवॉच हवं होतं ते दोन कारणांसाठी. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, आणि पर्समध्ये वाजणारा फोन मंडईच्या गलक्यात ऐकू येत नाही. आम्ही तीन घड्याळं जमवली आणि प्रत्येक पंधरा-पंधरा दिवस तिच्या हातात ठेवलं.

(दृश्य : खिडकीपाशी चार्जर. त्यावर घड्याळ. आईचं मनगट रिकामं.)

पहिलं सगळ्यात देखणं. अ‍ॅमोलेड पडदा, गडद काळा रंग, भरपूर अ‍ॅप्स. पण अशा घड्याळांत आधी फोन बघावा लागतो. अ‍ॅपल वॉच आयफोनशिवाय चालत नाही. सॅमसंगची २०२१ नंतरची गॅलेक्सी वॉच आयफोनला जोडताच येत नाहीत. आईचा फोन अँड्रॉइड, त्यामुळे निम्मी निवड तिथेच झाली.

मग बॅटरी. हे घड्याळ रोज चार्जिंगला लागायचं. बाबांच्या एचएमटी जनतालाही रोज किल्ली द्यावी लागायची, पण ती दहा-वीस सेकंदांत व्हायची आणि घड्याळ पुन्हा हातावर. हे मात्र तासभर खिडकीत. रात्री लावलं तर झोप मोजायची राहते, सकाळी लावलं तर फिरणं. आठव्या दिवशी आई ते चार्जरवरच विसरून बाहेर पडली.

(दृश्य : दुसरं घड्याळ, पडदा अगदी जवळून.)

दुसरं स्वस्तातलं, ब्लूटूथ कॉलिंगचं. मनगटावरून बोलता येतं याचं आईला फार अप्रूप वाटलं. मग मामाचा मेसेज आला. ‘निघालो’मधली वेलांटी ‘न’च्या उजवीकडे जाऊन बसलेली. ‘पोचल्यावर’मधलं जोडाक्षर सुटलेलं, ‘ल’खाली उघडा हलंत. पुढचा शब्द म्हणजे नुसते चौकोन.

देवनागरीला नुसता फाँट पुरत नाही. अक्षरं जागच्या जागी बसवणारी, जोडाक्षरं जुळवणारी वेगळी प्रणाली लागते, आणि साध्या घड्याळांत ती बऱ्याचदा घातलेलीच नसते. खोक्यावर हे कुणी लिहीत नाही. मला सगळ्यात जास्त राग आला तो याचा. घड्याळ घेताना दुकानातच ते आपल्या फोनला जोडून घ्या आणि घरच्या कुणाला तरी एक मराठी मेसेज पाठवायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता नाडीचे ठोके. घड्याळाच्या पाठीवर हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, म्हणून प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश किंचित बदलतो, आणि सेन्सर तेवढा बदल मोजतो. मध्ये फट राहिली की बाहेरचा उजेड शिरतो आणि आकडा भरकटतो. आईच्या बांगड्या घड्याळाला सतत ढकलायच्या. शेवटी तिने एका हातातल्या बांगड्या काढल्या नाहीत, घड्याळच बांगड्यांच्या वर, कोपराच्या बाजूला सरकवलं आणि पट्टा एक भोक घट्ट केला. आकडे जाग्यावर आले.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते, कारण आमच्या घरात मधुमेह आहे. सुई न टोचता रक्तातली साखर सांगतो म्हणणारं घड्याळ घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट बजावलं की, अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. त्या आकड्यावर इन्सुलिन ठरवणं जिवावर बेतू शकतं.

(दृश्य : पाऊस. छत्री. ओला हात.)

तिसरं घड्याळ दिसायला साधं. रंग फिके, पडदा घरात थोडा मंद. पण हा ट्रान्सफ्लेक्टिव्ह पडदा बाहेरचाच उजेड परतवून दाखवतो, म्हणून उन्हात उलट जास्त ठळक होतो आणि सतत चालू राहूनही बॅटरी फार खात नाही. पेबल या स्मार्टवॉचने २०१२ मध्ये कागदासारख्या पडद्याची अशीच वाट धरली होती. गार्मिनच्या फोररनर ५५ मध्येही याच जातीचा पडदा आहे.

पावसात अजून एक फरक कळला. ओल्या काचेवर थेंबांनाच बोट समजून पहिली दोन्ही घड्याळं भलतंच काही उघडायची. तिसऱ्याला बाजूला बटणं आहेत, ती ओल्या हातानेही चालतात. त्याच्यावर ५ एटीएम लिहिलंय, म्हणजे ५० मीटर खोल पाण्याइतका स्थिर दाब ते सोसतं. गरम पाणी आणि साबण त्यात धरलेले नाहीत, म्हणून अंघोळीला ते काढूनच ठेवायचं.

(दृश्य : मंडई, भर दुपार. आईच्या दोन्ही हातांत पिशव्या.)

मनगट थरथरतं. आई हात थोडा वळवते. रखरखीत उन्हात अक्षरं स्वच्छ, वेलांट्या जागच्या जागी : ‘नारळ राहिला. दोन आण.’

आई मागे वळते आणि पुन्हा नारळवाल्याच्या दिशेने चालू लागते.