मोटर जळाली म्हणण्याआधी स्टार्टर उघडा

ठाण्याचं वागळे इस्टेट. एमआयडीसीच्या जुन्या वसाहतींपैकी एक, आणि इथल्या रिवाइंडिंगच्या, म्हणजे मोटरची आतली तार नव्याने गुंडाळायच्या, गाळ्यांत सोसायट्यांच्या पंपाच्या मोटरी टेम्पोतून उतरतात, सोबत एकच निरोप, जळाली.

आता हे वाइंडिंग जवळून बघा. काही कॉइली पार काळ्या आणि त्यांच्यामध्ये ह्या काही जशाच्या तशा. मोटर स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र करून जोडलेली होती, तीनपैकी दोन फेजच्या (सप्लायच्या जिवंत तारांच्या) कॉइली करपल्या आणि एका फेजच्या साफ राहिल्या, म्हणजे एक फेज मध्येच गेला आणि मोटर उरलेल्या दोनवर ओढत राहिली. डेल्टा, म्हणजे टोकाला टोक लावून त्रिकोणात जोडलेली असती तर उलट, एकाच फेजच्या काळ्या. कारागीर झाकण उघडलं की लगेच ओळखतात, पण तोवर वाइंडिंग गेलेलं असतं, आणि खरा फॉल्ट तिकडे पंपरूममध्ये तसाच बसलेला असतो.

ही ती पंपरूम. मोटर चालू केल्यावर नुसती गुंगत असेल, फिरत नसेल तर लगेच बंद करायची. मग मल्टिमीटर, स्टार्टरच्या (मोटर चालू-बंद करायच्या पेटीच्या) इनकमिंगला, जिथे सप्लाय आत येतो, आर, वाय, बी ह्या तीन फेजच्या जोड्या, आर-वाय, वाय-बी, बी-आर, तिन्हीकडे ४१५ व्होल्टच्या आसपास. नुसत्या टेस्टरवर जाऊ नका, मोटर चालू असताना गेलेल्या फेजवरसुद्धा वाइंडिंगमधून व्होल्टेज येतं आणि टेस्टर पेटतो!

इथे इनकमिंगला तिन्ही बरोबर आले, म्हणजे फॉल्ट पुढे. मेन बंद, फ्यूज काढून खिशात, सप्लाय खरंच गेलाय ना ते तपासलं, आणि मग हा लग, केबलच्या टोकाला बसवलेला धातूचा तुकडा, दिसला. स्क्रू ढिला, म्हणून गरम, गरम होऊन अजून ढिला, इन्सुलेशन कडक होऊन तडकलंय. आणि हा ओव्हरलोड रिले बघा, करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा, सारखा ट्रिप होतो म्हणून कोणीतरी सेटिंग मोटरच्या प्लेटवरच्या अँपिअरच्या बरंच वर नेऊन ठेवलंय, ट्रिप का होतोय हे मात्र कोणी बघितलं नाही.

केबल कापून नवीन लग क्रिंप केला, म्हणजे दाबून घट्ट बसवला. मोटरच्या टर्मिनलच्या पट्ट्या काढून तिन्ही वाइंडिंगचा रेझिस्टन्स सारखा आहे ना बघितलं, ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, बॉडीशी टेस्ट, निदान १ मेगओहम तरी हवा.

जनरेटरवर हाच पंप उलटा फिरला तर जनरेटरच्या बाजूच्या कुठल्याही दोन फेज वायरी अदलाबदल करायच्या. चेंजओव्हर स्विचशिवाय, म्हणजे एका वेळी लाइन किंवा जनरेटर यातलं एकच जोडणाऱ्या स्विचशिवाय, जनरेटर जोडायचाच नाही, करंट उलटा लाइनवर जातो आणि लाइनमनचा जीव जाऊ शकतो.

हे काम लायसन्सवाल्या वायरमनचंच. पण कमिटीने त्याला टेम्पो बोलवायच्या आधी बोलवावं, आणि रिलेचं सेटिंग आपल्यासमोर प्लेटशी जुळवून घ्यावं.