२२ मार्चची कविता

नमस्कार, श्रोतेहो.

२१ मार्च हा जागतिक कविता दिन. युनेस्कोनं १९९९ साली तो जाहीर केला. त्या दिवशी कवितेचं कौतुक होतं, वाचनं होतात, कवींना बोलावणी येतात. हे सगळं चांगलंच आहे. मला मात्र आज तुमच्याशी बोलायचंय ते २२ मार्चबद्दल, आणि त्यानंतर येणाऱ्या साध्यासुध्या दिवसांबद्दल.

माणसं राहतात तिथे, किंवा त्यांना नाइलाजानं राहावं लागतं तिथे, कविता घेऊन जाणाऱ्या काही संस्था असतात. वाचनालयं, वृद्धाश्रम, तुरुंग, रुग्णालयं, रात्रशाळा. नफा हा त्यांचा हेतू नसतो. अशाच एका छोट्या संस्थेसाठी मी गेली काही वर्षं दर गुरुवारी एका वृद्धाश्रमात कविता वाचायला जाते. हे काम कसं चालतं, ते आधी सांगते.

दहा-बारा खुर्च्या गोल मांडायच्या. प्रत्येकाच्या हातात एक कागद द्यायचा. एका कागदावर एकच कविता, अक्षर चांगलं ठसठशीत, आणि कविता पाठपानावर जाता कामा नये. सुरुवातीला आम्ही दोन पानी कविता नेत होतो. थरथरत्या हातांनी पान उलटेपर्यंत लय तुटायची. मागची ओळ निसटलेली असायची आणि वाचणारा ओशाळा व्हायचा. तेव्हापासून कविता निवडताना ती एका पानात मावते का, हेसुद्धा पाहतो.

मग मी ती सावकाश, मोठ्यानं वाचते. वाचून झाली की शांतता पसरते. पहिल्या वर्षी मला ती सोसायची नाही. मी लगेच काहीतरी बोलायला लागायचे, कवीची माहिती सांगायचे, एखादा प्रश्न विचारायचे. ती चूक होती, हे मला आमच्या एका जुन्या कार्यकर्तीनं समजावलं. त्या शांततेत माणसं कवितेतून स्वतःकडे जाऊन येत असतात, त्यांना वेळ द्यावा लागतो. आता मी गप्प बसते. थोड्या वेळानं कुणीतरी दुसरं तीच कविता पुन्हा वाचतं. ‘कवीला काय म्हणायचे आहे?’ हा प्रश्न आम्ही कुणाला विचारत नाही. ‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या’ची धास्ती कितीतरी लोकांच्या मनात म्हातारपणीही तशीच असते. शाळा सुटली तशी कविताही सुटली, असं सांगणारे मला इतके भेटलेत!

त्या गोलात एक आजोबा होते. दाराजवळची खुर्ची घ्यायचे आणि तीही अर्धी बाहेर वळवलेली. कागद घ्यायचे, घडी करून मांडीवर ठेवायचे. चार गुरुवार गेले, अवाक्षर नाही. पाचव्या गुरुवारी कविता वाचून झाली आणि ते म्हणाले, “ती तिसरी ओळ परत वाचा.” एवढंच. मी वाचली. त्यांनी घडी उघडली आणि ती ओळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

आम्ही एकदाच जाऊन आलो असतो, तर अहवालात लिहिलं असतं की उपस्थिती बारा, प्रतिसाद चांगला. आजोबांची तिसरी ओळ मात्र आम्हाला कधीच कळली नसती. कविता पोचवणं म्हणजे त्याच दारात परत परत जाणं, असं माझं ठाम मत त्या दिवसापासून झालं.

आणि परत परत जायला पैसे लागतात.

जगात हे काम जिथे टिकलं, तिथे कुणीतरी हीच गोष्ट ओळखलेली दिसते. शिकागोमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या हॅरिएट मन्रो या कवयित्रीला फक्त कवितेसाठी एक मासिक काढायचं होतं. कवींना मानधन द्यायचंच, हा तिचा आग्रह. ती शहरातल्या व्यापाऱ्यांकडे आणि कलाप्रेमींकडे गेली. कुणा एकाकडे मोठी थैली न मागता तिनं शंभरेक लोकांना गाठलं आणि प्रत्येकाकडून वर्षाला ५० डॉलर, पाच वर्षं देण्याचा शब्द घेतला. १९१२ साली ‘पोएट्री’ मासिक निघालं. तिसऱ्या वर्षी, १९१५ मध्ये, त्यात टी. एस. एलियट या तेव्हाच्या नवख्या कवीची पहिली महत्त्वाची कविता छापून आली. पुढे, २००२ साली, रूथ लिली या बाईंनी याच मासिकाच्या संस्थेला सुमारे दहा कोटी डॉलरची देणगी दिली. तिचा गाजावाजा खूप झाला. मला मात्र ते पहिले शंभर लोक जास्त जवळचे वाटतात. त्यांनी पाच वर्षांचा शब्द दिला नसता, तर नव्वद वर्षांनंतर देणगी घ्यायला मासिक उरलं असतं का?

लंडनच्या भुयारी रेल्वेत १९८६ पासून डब्यांतल्या जाहिरातींच्या जागी कविता लावतात. ज्युडिथ चेर्नाइक या लेखिकेची ती कल्पना. रोज त्याच मार्गानं कामावर जाणारा माणूस तीच कविता कितीदा तरी वाचतो, पाठ करायचं मनात नसताना त्याला ती पाठ होते. आणि कोलंबियातलं मेडेलिन. १९९१ साली त्या शहरात खून आणि बॉम्बस्फोट रोजचे झाले होते, माणसं अंधार पडायच्या आत घरी परतत होती. त्याच वर्षी तिथल्या कवींनी काव्य महोत्सव सुरू केला, लोकांना उघड्यावर एकत्र बसवलं, आणि पुढे वर्षानुवर्षं तो भरवत राहिले. २००६ साली त्यांना ‘पर्यायी नोबेल’ म्हणून ओळखला जाणारा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. मला सगळ्यात मोठी वाटते ती त्यांची चिकाटी.

आता पैशांबद्दल थोडं स्पष्ट बोलते. कवितेला खर्च कसला, असं पुष्कळांना मनापासून वाटतं. कार्यकर्त्यांचा प्रवास, मोठ्या अक्षरातली छपाई, हयात कवींच्या कवितांची परवानगी, पाहुण्या कवीचं मानधन, हिशेबनीस, लेखापरीक्षण. कवीला शाल आणि नारळ देऊन परत पाठवणं मला पटत नाही. तो आपलं काम घेऊन आलेला असतो, त्याला कामाचे पैसे मिळायला हवेत. सोहळ्यासाठी देणगी मिळते, कारण तिथे फलक लागतो, छायाचित्र निघतं. गुरुवारच्या गोलासाठी मिळत नाही. एकदा एका देणगीदारानं आम्हाला चांगली रक्कम देऊ केली होती, अट एकच, सभागृह भरलेलं दिसलं पाहिजे. आम्ही बारा खुर्च्या सोडून सभागृहाच्या मागे लागलो. दोन गुरुवार बुडाले. त्याची खंत मला अजून आहे.

म्हणून तुम्हाला अशा एखाद्या संस्थेला मदत करावीशी वाटली, तर थोडी करा, पण दर महिन्याला करा. आणि शक्य असेल तर ती अमुकच कार्यक्रमासाठी म्हणून बांधून देऊ नका. दरमहा येणारी छोटी रक्कम हातात असली, की पुढच्या वर्षीचे गुरुवार ठरवता येतात. देण्याआधी चौकशी जरूर करा. नोंदणी आहे का, लेखापरीक्षण झालेले हिशेब दाखवतात का, हे विचाराच. त्यापलीकडे माझा आवडता प्रश्न असा, “गेल्या वर्षी तुम्ही एकाच ठिकाणी किती वेळा गेलात?” शंभर ठिकाणी एकेकदा गेलेल्या संस्थेपेक्षा पाच ठिकाणी वीस-वीसदा गेलेल्या संस्थेला मी आधी देईन.

पैसे जमत नसतील, तर आवाज द्या. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी कविता ध्वनिमुद्रित करून देणारे लोक नेहमीच कमी पडतात. हिशेब येत असेल तर महिन्यातली एक संध्याकाळ द्या. कविता कळत नाही म्हणून मागे राहू नका. गोलात बसायला कळावी लागत नाही, आणि खुर्च्या मांडायलाही कुणीतरी हवंच असतं.

जाताना एक सांगते. बैठक संपली की आम्ही कागद गोळा करतो, पुढच्या गटाला उपयोगी पडावेत म्हणून. पण मागत नाही, कुणाला ठेवून घ्यायचा असेल तर ठेवू देतो. कुणी उशीखाली ठेवतं, कुणी औषधांच्या डब्यात घडी करून. गेल्या गुरुवारी चौदा कागद नेले होते, नऊ परत आले. उद्या पाच नवे छापायचे आहेत.

नमस्कार.